विश्लेषण : कॅरॅव्हॅनने बीड जिल्हा फिरायचा, तर रात्रीचा मुक्काम कुठे करायचा?

परळीचे ज्योतिर्लिंग, अंबाजोगाईची योगेश्वरी, कपिलधारचा धबधबा, बीडची खजाना बावडी अशी ठिकाणे एकाच जिल्ह्यात आहेत. पुणे-मुंबईकडून भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन निघालेल्या कुटुंबाला तीन-चार दिवसांसाठी हा जिल्हा पुरून उरतो. अडचण प्रेक्षणीय स्थळांची नाही. चाकांवरचे घर रात्री कुठे उभे करायचे, टाकीत पाणी कुठून भरायचे आणि शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची, हे प्रश्न निघण्याआधी सुटले नाहीत, तर सहलीची दुसरी रात्र पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात, डास मारत जाते.

नेमकी अडचण काय आहे?

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुटीत ‘आरव्ही’ भाड्याने घेतात. तेव्हा त्यांचे नियोजन संगणकावरच संपते. तिथल्या सरकारी राष्ट्रीय उद्यानांतल्या अनेक तळांवरील जागा सहा महिने आधी संकेतस्थळावर राखून ठेवता येते. खासगी तळांच्या साखळ्याही आहेत. जागेचा क्रमांक, तिथे किती अँपिअरची वीज मिळेल, पाण्याचा नळ आहे का, सांडपाण्याची जोडणी आहे का, गाडी किती फुटांपर्यंत चालेल, हे सारे आधीच कळते.

बीडमध्ये नकाशाच्या ॲपवर ‘कॅरॅव्हॅन पार्क’ असे टाइप केले, तर हाती फारसे काही लागत नाही. ‘आयओव्हरलँडर’सारख्या जगभरच्या भटक्यांच्या ॲपमध्ये मराठवाड्याच्या भागात तुरळक खुणा दिसतात. त्याही बहुतेक कुणा परदेशी प्रवाशाने वाटेत एक रात्र काढल्याच्या असतात. म्हणून इथे शोध उलट्या बाजूने घ्यावा लागतो. तयार तळ शोधत बसण्यापेक्षा पाणी, शौचालय, वीज, कुंपण आणि माणसांची जाग अशा पाच गोष्टी एकत्र कुठे आहेत, ते पाहायचे आणि तिथे परवानगी मागायची.

यात नवे काही नाही. आषाढी वारीला निघणारी दिंडी नेमके हेच करते. पैठणहून निघणारी संत एकनाथ महाराजांची पालखी शिरूर कासार, पाटोदा भागातून जाते आणि शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून पंढरीकडे सरकते. प्रत्येक दिंडीच्या मागे सामानाचा ट्रक असतो, पाण्याचा टँकर असतो आणि खिशात मुक्कामांचे पत्रक असते. त्या पत्रकात आधी मुक्कामाची गावे ठरतात, त्यानंतर दिवसाची चाल. कॅरॅव्हॅन घेऊन निघालेली बहुतेक मंडळी याच्या बरोबर उलटे करतात. देवळांची, धबधब्यांची यादी करतात आणि रात्रीचे ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणून सोडून देतात.

सरकारचे धोरण काय सांगते?

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने कॅरॅव्हॅन आणि कॅरॅव्हॅन तळांबाबतचे धोरण आणले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये स्वतःचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार कॅरॅव्हॅन आणि कॅरॅव्हॅन पार्क या दोहोंची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. नोंदणीकृत व्यावसायिकांना वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क, वीज शुल्क यांत सवलती देण्याची तरतूद त्यात आहे. केरळने त्याच वर्षी अशी योजना सुरू केली आणि २०२२ मध्ये वागमोण येथे राज्यातले पहिले कॅरॅव्हॅन पार्क उभे राहिले.

महाराष्ट्रात या पर्यटनाची चर्चा मुख्यतः कोकण किनारा, महाबळेश्वर, नाशिक यांभोवती फिरते. मराठवाड्यात वेरूळ-अजिंठ्याच्या पलीकडे ती फारशी जात नाही. मात्र बीडसारख्या जिल्ह्यासाठी आणखी एक धोरण अधिक उपयोगी ठरू शकते, ते म्हणजे २०२० चे कृषी पर्यटन धोरण. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर निवास, भोजन, शिवारफेरी अशा सोयी देऊन केंद्राची नोंदणी करता येते. कॅरॅव्हॅनवाल्याला शेतावरची खोली नको असते. त्याला हवी असते सपाट, घट्ट जमीन, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी, एक १५ अँपिअरचा सॉकेट आणि वापरता येईल असे शौचालय. एवढ्यावर शेतकऱ्याला रात्रीचे भाडे मिळू शकते, त्यासाठी इमारत बांधावी लागत नाही. पर्यटन संचालनालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत केंद्रांची यादी पाहून त्यांतल्या मालकांना थेट फोन करणे, ही शोधाची पहिली पायरी.

गाडी कायदेशीर आहे ना?

हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण परजिल्ह्यात नाक्यावर अडकल्यावर तोच एक प्रश्न उरतो. भारतात ‘मोटर कॅरॅव्हॅन’ हा वाहनाचा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्यासाठी ‘एआयएस-१२४’ हे मानक लागू आहे. बसण्याची जागा व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे या गोष्टी पक्क्या बसवलेल्या असणे त्यात अपेक्षित आहे. घरच्या व्हॅनमधली आसने काढून पलंग आणि ओटा ठोकला, की कॅरॅव्हॅन तयार, असे नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. नोंदणी पुस्तिकेत वाहनाचा प्रकार काय लिहिला आहे, ते भाड्याने घेतानाच पाहून घ्यावे. त्याचा संबंध विम्याशीही आहे.

परवान्याबाबतचा एक घोळ आता मिटला आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहनही चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तरीही भाड्याच्या बहुतेक कॅरॅव्हॅन चालकासह मिळतात. तसे असेल तर मुक्काम ठरवताना एक माणूस विसरला जातो. दिवसभर गाडी हाकलेल्या चालकाने झोपायचे कुठे? कुटुंबाच्या पलंगाशेजारी तो झोपणार नाही आणि पुढच्या आसनावर बसून झोपलेला चालक दुसऱ्या दिवशी घाटात गाडी घालतो. मुक्कामाच्या ठिकाणी त्याच्यासाठी खोली किंवा सामूहिक निवासातली एक खाट आधीच सांगून ठेवली पाहिजे.

मुक्कामाच्या जागा कोणत्या?

पहिला पर्याय देवस्थानांचा. परळी आणि अंबाजोगाई ही दोन्ही मोठी तीर्थक्षेत्रे आहेत. तिथे भाविकांच्या गाड्यांची, अंघोळीची आणि भोजनाची सवय पिढ्यान् पिढ्यांची आहे. भक्तनिवासात एक खोली घ्यायची आणि गाडी आवारात किंवा लगतच्या वाहनतळावर उभी करायची, हा सर्वात कमी कटकटीचा मार्ग. खोलीचा उपयोग अंघोळ, शौचालय आणि चालकाची झोप यासाठी होतो. कुटुंब गाडीत झोपते. कुणी म्हणेल, मग कॅरॅव्हॅन कशाला? पण गुडघे दुखणारी आजी आणि दोन लहान मुले सोबत असतील, तर दिवसभर स्वतःचा पलंग, स्वतःचा चहा आणि वाटेत लागेल तेव्हा शौचालय मिळणे हीच या गाडीची खरी कमाई असते.

दुसरा पर्याय महामार्गावरचा. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ हा गेवराई, बीडवरून जातो आणि त्यावर मोठे आवार असलेले धाबे, हॉटेले, पंप आहेत. पेट्रोल पंपावर शौचालय, पिण्याचे पाणी आणि टायरची हवा विनामूल्य देणे बंधनकारक आहे. रात्रभर गाडी उभी करू देणे मात्र बंधनकारक नाही. ती मालकाची मर्जी. जेवण तिथेच घेतले आणि व्यवस्थापकाला आधी विचारले, तर सहसा नाही म्हणत नाहीत. ट्रकच्या रांगेत मात्र उभे राहू नये. पहाटे तीनला शेजारचा ट्रक सुरू होतो आणि दहा मिनिटे धूर सोडत उभा राहतो.

तिसरा पर्याय तालुक्याच्या ठिकाणची शासकीय विश्रामगृहे. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आरक्षण करावे लागते आणि सरकारी दौरा आला, की पाहुण्याला बाजूला व्हावे लागते. या पर्यायावर अख्खी सहल उभी करू नये.

चौथा, गावातले शेत किंवा मोकळी जागा. इथे ॲप कामाचे नाही, माणूस कामाचा. सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्या कानावर घालावे, जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी आणि उजेडातच पोहोचावे. अंधारात अनोळखी मोठी गाडी गावाबाहेर उभी दिसली, तर लोक चौकशीला येणारच, आणि ती त्यांची चूक नाही.

फोनवर काय विचारायचे, हेही ठरलेले असावे. ‘गाडी उभी करायला जागा आहे का?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात कुठेही ‘या की, लई जागा हाय’ असेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘दादा, गाडी सात मीटर लांब आणि तीन मीटर उंच आहे. गावच्या कमानीखालून येईल का? वाटेत विजेची तार लोंबकळलेली आहे का? पाऊस झाला तर जमीन काळी आहे की मुरमाड?’ असे विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत एका पावसाने तीन-साडेतीन टनांची गाडी रुतते आणि मग ट्रॅक्टर शोधावा लागतो. बालाघाटच्या माळावरचा मुरूम त्या मानाने माफ करतो. उपग्रह नकाशात जमिनीचा रंग आणि झाडांची दाटी दिसते. नकाशावरच्या ठिकाणाखाली लोकांनी टाकलेली ताजी छायाचित्रे पाहिली, तर फाटकाची रुंदीही कळते.

पाणी : इथे हिशेब वेगळा

बीड हा पर्जन्यछायेतला जिल्हा आहे. केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर धरण आहे आणि लातूर शहराची तहान तेच भागवते. ते आटले, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात बीडच्या वस्त्यांवरही टँकरची वाट पाहिली जात होती. कॅरॅव्हॅनची टाकी भरण्याचा विचार हे लक्षात ठेवूनच करावा लागतो.

साधारण कॅरॅव्हॅनची स्वच्छ पाण्याची टाकी १०० ते २०० लिटरची असते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी धरलेले प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे चार माणसांना २२० लिटर. त्यामुळे घरच्यासारखे पाणी वापरले, तर १५० लिटरची टाकी एक दिवसही टिकत नाही. गाडीतल्या शॉवरमधून मिनिटाला सहा-आठ लिटर पाणी जाते. चौघांनी पाच-पाच मिनिटे अंघोळ केली, की टाकी सकाळी नऊलाच कोरडी. उपाय साधा आहे. अंघोळ भक्तनिवासात किंवा हॉटेलात करायची. गाडीतले पाणी हात धुणे, भांडी आणि शौचालय यांसाठी ठेवायचे. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार वेगळे घ्यायचे, ते प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळतात.

मार्च ते जूनमध्ये गावच्या हातपंपाला किंवा सार्वजनिक नळाला पाइप लावून टाकी भरणे टाळावे. मागितले तर कुणी नाही म्हणणार नाही, म्हणूनच मागू नये. शहरातल्या हॉटेलात किंवा गाड्या धुण्याच्या केंद्रावर पैसे देऊन पाणी भरावे.

आणि आता तो विषय, जो सहलीच्या जाहिरातीत कधी नसतो. कॅरॅव्हॅनच्या शौचालयाखाली साधारण २० लिटरची सुटी टाकी असते. चौघांच्या वापरात ती दीड-दोन दिवसांत भरते. ती ओढ्यात, शेताच्या बांधावर किंवा रस्त्याकडेच्या नालीत ओतणे म्हणजे दुसऱ्याच्या पाण्यात घाण टाकणे. बालाघाटचे ओढे खाली बिंदुसरेला, सिंदफणेला, मांजरेला मिळतात आणि त्यांवर धरणे आहेत. टाकी सेप्टिक टँक किंवा भुयारी गटार असलेल्या शौचालयातच रिकामी करावी, तीही आधी सांगून आणि नंतर पुरेसे पाणी ओतून. टाकीत टाकायचे तीव्र रसायन सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंना मारते. शेतावरच्या छोट्या सेप्टिक टँकसाठी सौम्य, जैविक प्रकारचे औषध वापरावे.

वीज, गॅस आणि जिवाचा धोका

गाडीत १२ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर तिच्यात सुमारे २.४ युनिट वीज मावते. पंखे, दिवे, मोबाइल आणि छोटा फ्रिज यांसाठी ती रात्रभर पुरते. दीड टनाचा एसी मात्र तासाला साधारण दीड युनिट खातो. म्हणजे बॅटरीवर तो दीड तासही धड चालत नाही. बीडचा उन्हाळा ४० अंशांपुढे जातो. एसी हवाच असेल, तर मुक्कामाच्या जागी चांगले अर्थिंग असलेला १५-१६ अँपिअरचा सॉकेट हवा आणि गाडीपर्यंत पोहोचणारी जाड केबल हवी. घरातल्या पाच अँपिअरच्या प्लगला एसीची गाडी जोडली, तर आधी वायर तापते, मग यजमानाचा फ्यूज उडतो.

मग लोक जनरेटरकडे वळतात, आणि तिथे खरा धोका आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. एसीसाठी सुरू ठेवलेल्या जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात पुढे आले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. झोपताना जनरेटर सुरू ठेवायचा नाही, इंजिन सुरू ठेवून एसी लावायचा नाही आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा बसवलेला आहे की नाही, हे गाडी ताब्यात घेतानाच तपासायचे. थंडीत शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून बसणे हाही तोच धोका आहे.

घरगुती गॅसचा सिलिंडर घरासाठी असतो, भाड्याच्या गाडीसाठी नव्हे. पाच किलोचा छोटा सिलिंडर काही पेट्रोल पंपांवर, गॅस एजन्सीत ओळखपत्रावर मिळतो. तो उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा, गाडी चालू असताना त्याचा कॉक बंद असावा.

मार्ग कसा आखायचा?

पुण्याहून येणाऱ्याला अहिल्यानगर, कडा, आष्टी, जामखेडमार्गे यायचे, तर पाटोदा तालुक्यातला सौताडा वाटेतच आहे. विंचरणा नदी इथे दरीत झेपावते आणि खाली रामेश्वराचे देऊळ आहे. धबधब्याला पाणी पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस असते. मार्चमध्ये गेलेल्या माणसाला कोरडा कडा दिसतो. दरीत उतरणारी वाट वयस्कर माणसांसाठी नाही. त्यांच्यासाठी वरूनच पाहणे बरे. इथे रात्र काढू नये, पुढे सरकावे.

पाटोदा तालुक्यातच नायगावचे मयूर अभयारण्य आहे. सुमारे ३० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९९४ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. मोर सकाळी लवकर आणि सायंकाळी दिसतात. अभयारण्यात मुक्कामाची गाडी उभी करता येत नाही. वन विभागाच्या परवानगीने, दिवसाउजेडी जाऊन बाहेर यायचे. हॉर्न आणि गाणी बंद.

पुढचे मांजरसुंबा हे गाव या सहलीचा नाका म्हणावा असे. उत्तरेला बीड, दक्षिणेला सोलापूर, पूर्वेला केज-अंबाजोगाई, पश्चिमेला पाटोदा. जवळच कपिलधार आहे. संत मन्मथस्वामींची समाधी, दरी आणि धबधबा. कार्तिकी पौर्णिमेच्या आगेमागे वीरशैव लिंगायत भाविकांच्या पदयात्रा इथे येतात. त्या दिवसांत मोठी गाडी खाली नेणे म्हणजे इतरांची वाट अडवणे.

बीड शहरात दोन ठिकाणे चुकवू नयेत. कंकालेश्वर हे चालुक्यकालीन शैलीचे देऊळ पाण्याच्या कुंडाच्या मधोमध उभे आहे. आणि शहराच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्याकडे असलेली खजाना बावडी. अहमदनगरच्या निजामशाहीत सलाबत खानाच्या काळात, १५८२ च्या सुमारास ती बांधली गेली. रचनाकार म्हणून राजा भास्कर यांचे नाव सांगितले जाते. जमिनीखालच्या भुयारी कालव्यांतून पाणी विहिरीत येते आणि दुसऱ्या कालव्याने उताराने पुढे शेता-बागांकडे जाते. उपसा नाही, पंप नाही. दीडशे लिटरच्या टाकीचा हिशेब करत इथवर आलेल्या माणसाने ही विहीर जरा निवांत पाहावी. शहराजवळ पालवणची देवराईही आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये इथे वृक्ष संमेलन भरले होते. उजाड डोंगरावर झाडे कशी उभी राहिली, ते मुलांना दाखवण्याजोगे आहे. शहराच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांत मात्र कॅरॅव्हॅन घालू नये. ती बाहेर उभी करून रिक्षाने जावे.

दुसरा मुक्काम अंबाजोगाईला ठेवणे सोयीचे. आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या इथल्या. कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता असलेली योगेश्वरी इथली. आणि हत्तीखाना नावाने ओळखली जाणारी, अंगणात दगडी हत्ती असलेली खडकात कोरलेली लेणी इथलीच. संरक्षित स्मारकाच्या आवारात चूल किंवा गॅस पेटवू नये, हे सांगावे लागते, कारण लोक पेटवतात. या गावात मुक्काम सुचवण्याचे आणखी एक कारण आहे. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे सरकारी रुग्णालय इथे आहे. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, तर ही बाब नकाशावर आधी खूण करून ठेवण्याची.

अंबाजोगाईहून परळी घाट उतरून जवळच आहे. वैजनाथाचे मंदिर उंचवट्यावर आहे आणि त्याचा जीर्णोद्धार अहिल्यादेवी होळकरांनी केला. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार टाळले, तर गाडीला जागा मिळते. परतीला सिरसाळा, तेलगाव, वडवणीमार्गे बीड गाठता येते, वाटेत थोडी वाकडी वाट करून माजलगाव धरणाचा जलाशय पाहता येतो. धारूरचा किल्ला पाहायचा असेल, तर कॅरॅव्हॅनने केजकडून पठारावरूनच जावे. तेलगावकडून चढणारा धारूर घाट लांब-उंच गाडीसाठी त्रासाचा आहे. गेवराई तालुक्यातले गोदाकाठचे राक्षसभुवन, जिथे ऑगस्ट १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला, ते छत्रपती संभाजीनगरकडे परतणाऱ्यांनी वेगळा दिवस ठेवून पाहावे.

कधी जावे, आणि रात्री का चालवू नये?

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ सर्वात चांगला. माळ हिरवे असतात, कपिलधार-सौताड्याला पाणी असण्याची शक्यता असते आणि रस्त्याकडेला टोपल्यांतून बीडची सीताफळे विकायला येतात. भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ घासाघीस न करता घ्यावे, कारण डोंगरातून ते वेचून आणण्याचे कष्ट बायका-मुलांचे असतात.

दिवाळीच्या आगेमागे रस्त्यांवर आणखी एक दृश्य दिसते. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडी, अंथरुणे, शेळी, कोंबड्या आणि लेकरे. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघालेले हे ऊसतोड मजूर पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत काढतात. चाकांवर घर घेऊन निघण्याचा सर्वात मोठा अनुभव या जिल्ह्यात त्यांच्याकडे आहे, आणि तो हौसेचा नाही. पाणी कुठे, आडोसा कुठे, रात्री बायकांनी जायचे कुठे, हे प्रश्न त्यांचेही तेच असतात. फरक इतकाच, की त्यांना फोन करून आधी विचारता येत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला, की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. अनेकांना मागे धड दिवा नसतो, उजेड परावर्तित करणारी पट्टी नसते आणि बंद पडलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला दगड लावून तशीच उभी असते. म्हणून नोव्हेंबर ते मार्चमध्ये सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, हा नियम सहलीच्या आखणीतच धरावा. हिवाळ्यात सहाला अंधारते. त्यामुळे दिवसाचा प्रवास शंभर-सव्वाशे किलोमीटरवर ठेवावा आणि दुपारी चारपर्यंत मुक्कामाची जागा गाठावी. उजेड असताना जमीन तपासता येते, तारा दिसतात, शेजारी कोण आहे ते कळते आणि जागा पसंत पडली नाही, तर दुसरी शोधायला तासभर हाताशी राहतो. दुसरी जागा कोणती, तिचा फोन क्रमांक काय, हे सकाळीच लिहून ठेवावे. घाटात आणि माळावर काही ठिकाणी मोबाइलला रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घेतलेला बरा. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली, तर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर कोणत्याही आपत्तीत ११२.